कोंबडीला माहीत आहे का?

पहाटे ५.३०

तालुक्याच्या गावात भाड्याची एक खोली. भाडं २,२०० रुपये, लाइटबिल वेगळं. मी रात्रीच इथे मुक्कामाला आले आहे. जाग येते तेव्हा मॅडम जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेल्या असतात. पुढ्यात एक आडवं, पातळ चित्रांचं पुस्तक, कात्री, दहा रुपयांची फेव्हिकॉलची ट्यूब आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. पट्ट्यांवर काळ्या स्केचपेनने लिहिलेल्या मराठी ओळी. एकेक पट्टी इंग्रजी ओळीवर बसवायची, जुन्या ओढणीच्या तुकड्याने दाबायची, बुडबुडा राहिला तर नखाने कडेला सारायचा. कुकरची तिसरी शिट्टी होते तेव्हा शेवटची पट्टी बसलेली असते.

पुस्तक आहे पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’. १९६८ सालचं, तिचं पहिलंच. ही प्रत पुण्यात फूटपाथवर ६० रुपयांना मिळाली. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द आहेत. एक कोंबडी फिरायला निघते. अंगण, तळं, गवताची गंज, पवनचक्की, कुंपण, मधाच्या पेट्या असं करत जेवायच्या वेळेला घरी येते. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र तिच्या मागे सुरुवातीपासून एक कोल्हा लागलेला आहे. त्याच्याबद्दल एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही.

“ज्याला नीट वाचता येत नाही ना, त्यालाच कोल्हा आधी दिसतो,” मॅडम ट्यूबचं टोपण लावत म्हणतात. “वाचणारा ओळीवर असतो. न वाचणारा चित्रावर असतो. माझ्या वर्गात असे पाच जण आहेत. आज तेच पहिले बोलतील.”

७.४५

स्कूटी. शंभराचं पेट्रोल. शंभरात लिटरभरही येत नाही. शाळा १९ किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा खडीचे. पुस्तक प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, फाइल माझ्या मांडीवर.

मॅडम शिक्षणसेवक आहेत, दुसरं वर्ष चालू आहे. मानधन महिना १६,००० रुपये. २०२३ पर्यंत ते ६,००० होतं. तीन वर्षं पुरी झाली की वेतनश्रेणी. तोवर पेट्रोल, भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि पुस्तकं, सगळं यातच. पुस्तकांसाठी महिन्याला पाचशे बाजूला काढायचे असा त्यांचा नेम आहे. मागच्या महिन्यात स्कूटीचं टायर बदललं, तेव्हा तीनशेच निघाले.

बीड जिल्ह्यातला हा बालाघाटाचा डोंगर. डिसेंबर आहे. ज्वारी कमरेएवढी झाली आहे. डोंगरावर पवनचक्क्यांची लांब पांढरी पाती फिरताहेत. गावात शिरलं की घरांना कुलपं दिसायला लागतात. दिवाळीनंतर मुकादमांच्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात.

९.१०

दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. पटावर ३४ मुलं. तेरा जणांचे आईबाप कारखान्याला गेलेत. त्यातली सात आईबापांबरोबर गेली, सहा मागे आजीआजोबांकडे राहिली. या सहांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेतच होतं, हंगामी वसतिगृहात. नावाला वसतिगृह. प्रत्यक्षात तीच खोली, तीच सतरंजी, तेच ताट.

मॅडम हजेरी घेतात. आज २५. स्वयंपाकाच्या मावशी दारात थांबलेल्या असतात. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ. म्हणजे अडीच किलो. मावशी मापाने काढतात, हाताने वरचे सपाट करतात. त्यांचं मानधन महिना २,५०० रुपये.

१०.३०

परिपाठ झाला. पाढे झाले. वाचनाच्या ‘निपुण’ अभियानाचा तक्ता भरायचा आहे, म्हणून एकेकाला जवळ बोलावून वाचून घेणं चाललंय. घड्याळ लावून. मिनिटाला किती शब्द. भिंतीजवळ बसलेला चौथीतला एक मुलगा बोट ठेवून वाचतो आणि प्रत्येक जोडाक्षराला थांबतो. मॅडम आकडा लिहितात आणि वहीवर हात आडवा धरतात, त्याला दिसू नये म्हणून.

११.२०

“पुस्तकाची वेळ,” मॅडम म्हणतात. तिसरी-चौथीची चौदा मुलं सतरंजी ओढून अर्धगोल करतात. बाक मागे सरकतात. मी भिंतीला टेकते.

इथून पुढचा अर्धा तास मी नुसती मॅडमच्या हातांकडे बघत होते. पुस्तक खांद्याच्या उंचीला, बाजूला धरलेलं. पानं पोरांकडे, तोंडही पोरांकडे. ओळी पाठ. अंगठा पुढच्या पानाच्या कोपऱ्यात आधीच घातलेला. दोन्ही हात असेच अर्धा तास वर. दंड भरून येतो. मधूनच त्या कोपर गुडघ्यावर टेकतात, पुस्तक मात्र खाली येत नाही.

“कोंबडी फिरायला निघाली. अंगणातून.”

पहिलं चित्र. दोन सेकंद कुणी बोलत नाही. मग सकाळी घड्याळापुढे अडखळलेला तोच मुलगा गुडघ्यावर उठतो.

“मॅडम, कोल्हं!”

“कोल्हा? इथं तर लिहिलेलं नाही.”

“लिव्हलेलं न्हाई, पर हाय ना! मागं बघा की! उडी मारायलंय!”

“आणि खाली दाताळं हाय!” दुसरी.

मॅडम पान धरून थांबतात. उलटत नाहीत. या पुस्तकाची रचनाच अशी आहे. एका चित्रात कोल्हा झेप घेतो. पुढच्या चित्रात त्याचं काय झालं ते दिसतं, आणि तिथे एकही शब्द नाही. विनोद पान उलटण्यात आहे. लवकर उलटलं तर गेला, उशीर केला तरी गेला. मॅडम पोरांचे चेहरे वाचतात. सगळ्यांना दाताळं दिसलं, दात वर आहेत हे दिसलं, दांडा कुठे आहे हे दिसलं, मग उलटतात.

दांडा कोल्ह्याच्या नाकावर.

हसू फुटतं ते खोलीत मावत नाही. एक जण उताणा पडतो. दाताळ्यावर पाय पडला की काय होतं ते या चौदाही जणांना ठाऊक आहे. एक मुलगी पदर खोचल्यासारखं करून उभी राहते आणि तिचा चुलता खळ्यात असाच कसा पडला ते करून दाखवते. पुन्हा हसू. मॅडम तिला थांबवत नाहीत. गोष्ट थांबली तर थांबू दे.

तळं. गंज. पवनचक्की.

पवनचक्कीपाशी गाडी अडते. चित्रात चक्कीला पिठाचं पोतं टांगलंय आणि ते कोल्ह्यावर सांडतं. पोरांना ते पटत नाही.

“पवनचक्कीत पीठ कामून आलं? पवनचक्कीत लाइट असती.”

खिडकीतून डोंगर दिसतो. पाती फिरताहेत. मॅडम सांगतात, पूर्वी तिकडच्या मुलखात वाऱ्यावर जातं फिरवायचे, दगडाचं, मोठं. पात्याला वारा लागला की आत जातं फिरायचं. “म्हणजी गिरणी,” एक जण मिटवून टाकतो. तेवढ्यात निळ्या रिबिनीची मुलगी पुढे सरकते आणि चित्रावर बोट ठेवते. एकदम बारीक आवाजात.

“कोंबडीच्या पायात दोरी हाय.”

सगळे पुढे झुकतात. खरंच आहे. पोत्याची दोरी कोंबडीच्या पायात अडकली आहे. ती चालते, दोरी ओढली जाते, पोतं रिकामं होतं. मॅडमनी हे पुस्तक पंचवीसेक वेळा चाळलंय. दोरी त्यांनाही दिसली नव्हती. हे त्या मला नंतर सांगतात. पोरांना त्या वेळी एवढंच म्हणतात, “मला दिसलं नव्हतं गं. तू दाखवलंस.” ती मुलगी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते, पण आता ताठ.

११.५०

पुस्तक मिटलं. कोंबडी घरी पोचली. मधमाश्या लागलेला कोल्हा डोंगरापलीकडे पळाला.

आता मॅडम गप्प. मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात त्यांनी एडन चेंबर्स या इंग्रज शिक्षक-लेखकाचं नाव ऐकलं होतं. मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर त्याचं ‘टेल मी’ नावाचं पुस्तक आहे, १९९३ चं. त्यातली एक गोष्ट त्यांनी पक्की धरली आहे. मुलाला ‘का?’ म्हणून विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की मूल आरोपीसारखं उभं राहतं. त्याऐवजी, सांग बरं. काय आवडलं ते सांग. काय कळलं नाही ते सांग.

“सांगा बरं.”

पहिल्या बाकाचा हुशार मुलगा सवयीने हात वर करतो. “तात्पर्य, लोभ करू नये.”

आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य विचारायचं हे इतकं मुरलंय की न विचारता येतं. मला ते कधीच आवडलं नाही. तात्पर्य निघालं की गोष्टीवर झाकण पडतं, आणि ते पहिल्यांदा काढणारा बाकीच्या तेरांची तोंडं बंद करतो. मॅडम मान हलवतात, “बरं,” म्हणतात, आणि दुसरीकडे बघतात. “अजून?”

“मला एक कळलं न्हाई,” भिंतीजवळचा मुलगा. “कोंबडीला म्हाईत हाय का?”

“काय?”

“मागं कोल्हं हाय ते.”

हा प्रश्न मॅडमच्या वहीत सकाळीच लिहिलेला होता, मी पाहिला होता. त्यांनी तो विचारला नाही. वाट बघितली.

वर्ग फुटतो. “न्हाई म्हाईत! ती येडी हाय. मागं बघतच न्हाई.” “समदं म्हाईत हाय! मुद्दाम त्याला तिकडनं नेती, दाताळ्यावरनं, पाण्यावरनं.” “डोळा बघा की मॅडम, डोळा!” पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. प्रत्येक पानावरचा कोंबडीचा डोळा बघितला जातो. अर्धा मिटलेला. त्यावरून काही ठरत नाही. “माझी आजी बी मागं बघत न्हाई,” एक जण म्हणतो, “तरी तिला कळतं कोण आलंय.” हा पुरावा जोरदार ठरतो. मग दोरी. म्हाईतवाले म्हणतात, दोरी तिनेच अडकवली. न्हाईवाले म्हणतात, अडकली, आणि तिला ते बी कळलं न्हाई, म्हणून तर येडी. एकच दोरी दोन्ही बाजूंनी ओढतात.

मॅडम फळ्यावर दोन रकाने आखतात. माहीत नाही, आठ रेघा. माहीत आहे, पाच. एक मत बाकी. भिंतीजवळचा मुलगा, ज्याने प्रश्न काढला तोच.

“तुझं?”

“थांबा. मला दुसरंच वाटायलंय.” तो सतरंजीचा धागा ओढत राहतो. “कोंबडी जेवायच्या टायमाला घरी आली. कोल्हं उपाशीच गेलं की.”

कुणी हसत नाही.

“त्यानं घरी काय सांगितलं असंल?”

मॅडम खडू खाली ठेवतात. पोरं विचार करतात. “पडलो म्हणला असंल.” “मधमाश्या चावल्या म्हणला असंल.” मग दाताळ्याची नक्कल करणारी ती मुलगी, सहज, “मुकादमानं पैशे दिले न्हाईत म्हणला असंल.”

चार-पाच माना हलतात. हे पटण्यासारखं आहे. मॅडम त्यावर काही बोलत नाहीत. मी त्यांचा चेहरा बघते. बोलायचं खूप आहे, ते दिसतं. त्या पुस्तकाचं सुटलेलं एक पान अंगठ्याने दाबत राहतात.

१२.४०

खिचडी. व्हरांड्यात दोन रांगा. वाद जेवणातही चालू आहे. मावशी पळी हातात घेऊन ऐकतात.

“कोंबडीला म्हाईत नसलं तर ती जगती का रं? तिला घारीची सावली बी कळती.”

म्हाईतवाल्यांनी जल्लोष केला. सहावी रेघ! न्हाईवाले मॅडमकडे धावले. मॅडमनी निवाडा दिला. मावशींनी पुस्तक पाहिलेलं नाही, न पाहता मत धरता येणार नाही. मग मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. त्या दुसरीत असताना शाळा सुटली होती. आता दोन बाजूंनी सहा पोरं त्यांना पानं दाखवतात. दाताळ्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मत द्यायचं राहूनच गेलं. भांडी घासायची होती.

१.३०

कागद. एका बाजूने वापरलेले, पंचायतीच्या कचेरीतून मागून आणलेले. “कोल्ह्याचं घर काढा.” काम एवढंच. बारा घरं येतात. दहा घरांत चूल आहे. एका घराला कुलूप आहे. तीन घरांवर डिश टीव्हीची छत्री आहे. ज्याला वाचताना जोडाक्षर जड जातं, त्याने घराखाली स्वतःहून लिहिलंय, ‘कोल्याची माय वाट बगती’. ह राहिला, घ राहिला. मॅडम लाल पेन काढत नाहीत. “चूक उद्या,” म्हणतात. “आज त्याने कुणी न सांगता वाक्य लिहिलं.”

२.४५

शेजारची खोली, पहिली-दुसरी. माधुरी पुरंदरे यांचं ‘बाबांच्या मिश्या’. इथे चर्चा बसून होत नाही. कोळशाचा तुकडा फिरतो आणि अकरा तोंडांवर मिश्या उगवतात. मग कुणाच्या बाबांची खरी कशी आहे यावर भांडण. वर वळलेली, खाली पडलेली, नुसती रेघ. एक छोटी म्हणते, तिच्या बाबांना मिशी आहे. तिचा भाऊ म्हणतो, नाही. दोघांना मॅडमच्या फोनवर ऑगस्टमधल्या पालकसभेचा फोटो दाखवला जातो. आहे. छोटी भावाला चिमटा काढते.

कोळसा धुवायला दोन बादल्या पाणी गेलं. हापसा व्हरांड्यापासून साठ पावलांवर. एक मॅडमनी आणली, एक मी.

४.१५

मुलं मैदानात. मॅडम आणि मुख्याध्यापक सर कपाटाच्या खोलीत. ऑनलाइन माहिती भरायची आहे, रेंज फक्त खिडकीच्या कोपऱ्यात. सर उभे राहून आकडे सांगतात, मॅडम भरतात. चौथ्यांदा पान गोल फिरतं आणि अडकतं.

“हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता,” सर म्हणतात. मॅडम वर बघतात. “तक्त्यात शब्द कमी पडले तर मला विचारतील, तुम्हाला नाही.”

“सर, आज तो बोलला. पाऊण तासात नऊ वेळा. मी मोजलं. जूनपासून नऊ वेळा बोलला नव्हता.”

सर काही म्हणत नाहीत. कपाटाची खालची फळी उघडतात. ‘किशोर’चे जुने अंक, सुतळीने बांधलेले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, सर त्यावरच वाढले. वरच्या गठ्ठ्याचा कोपरा वाळवीने खाल्लाय. “यातली विनोदी चित्रं बघा काही चालतात का,” असं म्हणून ते धूळ झटकतात. त्याच फळीवर पारिस्मिता सिंग यांच्या लठ्ठ राजाची आणि रोड कुत्र्याची गोष्ट आहे. कुत्रा पक्ष्यामागे पळतो, राजा कुत्र्यामागे, आणि दिवसचे दिवस पळून राजाच रोड होतो. प्रथम बुक्सचं पुस्तक. मॅडमनी काळ्या-पांढऱ्या प्रती काढून आणल्यात, पानाला दोन रुपये. रंगीत प्रत पानाला दहा होती. राजाचा अंगरखा मग पोरांनीच रंगवला. पाच प्रती, पाच रंगांचे राजे.

५.००

पुस्तकं घरी न्यायची वेळ. वहीत नाव, तारीख, अंगठा किंवा सही. फास्टर फेणेला नंबर लागलेले आहेत. चौथीतला एक जण तो तिसऱ्यांदा नेतोय आणि फाटकापर्यंत ‘ट्टॉक’ करत जातो. कोंबडीचं पुस्तक सगळ्यांना हवंय. मॅडम चिठ्ठ्या टाकतात. निळ्या रिबिनीला निघतं. ती ते दप्तरात घालत नाही, छातीशी धरून नेते.

६.१०

अंधार पडायला लागला. मागे राहिलेली सहा मुलं जेवायला आली आहेत. भाकरी, वरण. आज मॅडमची पाळी, म्हणून आम्ही थांबलो. जेवणं झाली की मावशींच्या फोनवरून घरच्यांशी बोलणं. सहा जण, एक फोन, माणशी पाच मिनिटं. त्याहून जास्त बॅटरी टिकत नाही.

भिंतीजवळच्या मुलाची पाळी चौथी. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोळ्या मोजतंय. तो काय जेवलो ते सांगत नाही, बरा आहेस का विचारत नाही. सरळ सुरू होतो. “माय, एक कोंबडी हाय. तिच्या मागं कोल्हं लागलंय.” मग दाताळं. तळं. गंज. प्रत्येक ठिकाणी तो थांबतो, पलीकडून “मंग?” येऊ देतो, आणि मगच पुढे जातो. सकाळी मॅडम जशा पानाच्या कोपऱ्यात अंगठा घालून थांबत होत्या, तसा. पीठ सांडतं तेव्हा फोनमधून हसू येतं, आम्हाला चार हातांवर ऐकू येईल एवढं. मावशी बोटांनी खूण करतात, एक मिनिट.

“आन् पायात दोरी हाय तिच्या. आता सांग, तिला म्हाईत हाय का?”

पलीकडे ट्रॅक्टर. मग आई काहीतरी बोलते. तो “बरं,” म्हणतो आणि फोन पुढच्याच्या हातात देतो.

“मॅडम, माय म्हणली, म्हाईत हाय. माझं बी तेच.”

“पण आईंनी पुस्तक कुठं पाहिलंय?” मॅडम विचारतात. अगदी गंभीरपणे. “मावशींना आपण काय म्हणालो होतो?”

तो क्षणभर उभा राहतो. “मायचं धरू नका मंग. पर म्या तिला एक बी पान सोडलं न्हाई. दोरी बी सांगितली.”

मॅडम पर्समधून खडूचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवतात. खोलीतला बल्ब मंद आहे. तो फळ्यापाशी जातो, ‘माहीत आहे’च्या रकान्यात सहावी रेघ ओढतो, मग वळून मॅडमकडे बघतो. मॅडम काहीच म्हणत नाहीत. तो सहावीला लागून एक लहानशी सातवी ओढतो, अर्ध्या उंचीची, आणि खडू परत आणून देतो.